मिनिटामिनिटाची शाळा

बस डेपोतल्या वेळापत्रकवाल्या बाईंबद्दल जे सांगतात त्यातलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं, हे मात्र डेपोतही कुणाला नक्की ठाऊक नाही. सांगतात की एकदा एक बस ठरल्या वेळेच्या तीन मिनिटं आधी थांब्यावर पोचली, तर बाईंनी तिला आल्या पावली मागं पिटाळलं आणि वेळेवर परत यायला लावलं. सांगतात की कंट्रोल रूममधलं भिंतीवरचं घड्याळ मागं पडलेलं असलं, की बाई दारातून आत शिरताच ते घसा खाकरून पुढं सरकायचं. घड्याळाचं राहू द्या. बसचं मात्र खरं असावं, कारण त्या बसवरचा ड्रायव्हर पुढं बाईंचा नवरा झाला आणि अजूनही तो ते शपथेवर सांगतो.

अशा बाईंच्या पोटी लेक आली ती सतरा दिवस उशिरा. तीही जांभई देत. बापानं तिथल्या तिथं तिचं नाव ठेवलं निवांत. कागदावर दुसरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळून बघायलाही वेळ लावते. तीन वर्षांनी मुलगा झाला. तो अकरा दिवस आधीच धडकला आणि त्या दिवसापासून थांबला म्हणून नाही. त्याला सगळे भोवरा म्हणतात.

निवांत दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेनं तिचं आणखी एक बारसं केलं. वर्गात बावन्न पोरं. गुरुजींच्या टेबलावर घंटी. घंटी वाजली की कागद ओढून घ्यायचे. निवांतचा कागद कायम अर्धा. पोरं तिला गोगलगाय म्हणू लागली. पोरांचं एक वेळ सोडून देता येतं, पण एकदा गुरुजींच्याही तोंडून ते निघालं, आणि त्यानंतर रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी निवांतच्या पोटात दुखायला लागलं. बाईंनी वेळ नोंदवून ठेवली होती, म्हणून मिनिट एवढं पक्कं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ठोकून पाहिलं, आणि म्हणाले, "पोटात काही नाही. शाळेत काय आहे ते बघा."

बाईंनी बघितलं, आणि लेकीला शाळेतून काढून घरी शिकवायचा अर्ज करून टाकला.

"घरी?" सासूबाईंच्या हातातली विणकामाची सुई थांबली. "अगं, विहीर सोडून घागरीत पोहायला शिकवतेस का पोरीला?"

"घागरीत निदान बुडत तरी नाही, आई."

"नाही बुडत. डोकं अडकतं."

शिक्षण कचेरीनं तीन महिन्यांची परवानगी दिली. तीन महिन्यांनी तपासणी. वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि मुलीची प्रगती, तिन्ही गोष्टी पसंत पडल्या तर पुढची परवानगी. नाही पडल्या तर मुलीनं त्याच शाळेत, त्याच गुरुजींच्या त्याच वर्गात पुन्हा जाऊन बसायचं. तो कागद हातात घेऊन बाई बराच वेळ उभ्या होत्या. निवांतनं खालून विचारलं, "आई, परत जायचं म्हणजे त्याच बाकावर?"

"जायचंच नाही तर बाकाचं कशाला?" बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीच्या वेळेवर निघाला नाही.

भोवऱ्यानं मागं राहायला साफ नकार दिला. "ताईला सुट्टी आणि मला शाळा?" असं म्हणून त्यानं दप्तर पलंगाखाली सारलं आणि स्वतःही त्याच्यामागे शिरला. त्याला ओढून काढण्यापेक्षा दुसरा अर्ज करणं सोपं पडलं.

आता शिकवायचं तर पुस्तकं हवीत. बाईंनी डेपोत पाळी बदलून घेतली. सकाळ घराची, दोन वाजल्यापासून डेपोची. मग अभ्यासक्रमांचे तीन संच मागवले. पहिला आला तो खोक्यातून. खोकं एवढं जड की वर आणणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर बसून पाणी पिऊन पुढं आला. आत एकशे ऐंशी धडे, प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे दिवस. दुसऱ्या संचात गोष्टींची पुस्तकं, झाडांची, पक्ष्यांची, नकाशांची. क्रमांक कुठंही नाही, 'मुलाला आवडेल तिथून सुरू करा' एवढंच पहिल्या पानावर. तिसऱ्या पाकिटात फक्त एक पत्रक निघालं. त्यावर लिहिलं होतं, मूल आपोआप शिकतं, आपण मध्ये येऊ नये.

"हे चांगलं आहे," नवरा म्हणाला. "पत्रक वाचायलासुद्धा मध्ये यावं लागत नाही."

"अहो, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? माझ्या आईनं मला असंच वाढवलं. ती मध्ये आली नाही, मी ड्रायव्हर झालो."

"मी मध्ये आले नसते तर तू इंजिनाखाली गेला असतास," सासूबाई विणता विणता म्हणाल्या.

बाईंनी क्षणभर गोष्टींच्या पुस्तकांवर हात फिरवला. पण एकशे ऐंशी धडे! रांगेत उभे, पाठीवर क्रमांक, जणू डेपोतल्या धुऊन पुसून लावलेल्या गाड्या. मन तिकडंच गेलं. गोष्टींचा संच कपाटावर चढला.

मग एका रविवारी दुपारी बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरला, चार रंगांच्या पेन्सिली टोकदार केल्या, आणि जे पंधरा वर्षं बसगाड्यांसाठी केलं तेच दोन पोरांसाठी केलं. सात वाजून दहाला पहिली फेरी, गणित. सात चौतीसला दोन मिनिटांचा थांबा, पाणी पिणे. सात छत्तीसला भाषा. आठ एकला थांबा. एक वाजेपर्यंत असं. निवांतची रेघ निळी, भोवऱ्याची लाल. दोन्ही रेघा स्वयंपाकघरात एकमेकींना अडवणार नाहीत अशा बेतानं आखलेल्या. गणितानंतरच्या भाषेच्या फेरीत आठवड्यातून तीनदा चित्रकला घातली होती, कारण निवांतला चित्रं काढायला आवडत. कागद भिंतीवर लागला तेव्हा असा दिसत होता की त्याच्यापुढं उभं राहून नकळत तिकीट काढावंसं वाटे.

नवऱ्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. "झकास. फक्त एक विचारू? शिंक आली तर कुठल्या थांब्यावर द्यायची?"

"द्यायचीच असेल तर आठ एकला."

पहिल्या दिवशी पहिली फेरी सुटली वेळेवर आणि पोचली एकोणीस मिनिटं उशिरा. दुसऱ्या दिवशी तेवीस. निवांत गणिताला बसली की बसली. चोवीस उदाहरणांपैकी चार होईतो सात चौतीस होऊन जायचे, आणि भोवरा तोवर आपली चोवीस संपवून, त्यातली सोळा चुकवून, टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागलेला असायचा.

आता उशीर झाला तर काय करायचं हे बाईंना झोपेतही ठाऊक होतं. डेपोत गाडी मागं पडली की तिची पुढची फेरी रद्द करतात. रिकाम्या झालेल्या वेळात गाडी आपली आपण वेळेवर येते. त्यात कुणाचं काही वाकडं होत नाही, मागच्या गाडीनं लोक जातात. बाईंनी तेच केलं. गणित लांबलं, पुढची फेरी रद्द. कागदावर छोटीशी फुली. आठ एकला घर पुन्हा वेळेवर. बाईंना हायसं वाटे.

पाच आठवडे असे गेले. कागदावर फुल्या वाढत गेल्या. धडे मात्र क्रमांकानुसार होत होते, त्यामुळं बाईंना शंका यायचं कारण नव्हतं. सासूबाई कधी कधी सुईआडून बघत आणि "हं" करत. त्यांच्या त्या "हं"ला सुनेनं कान द्यायचं कधीच सोडलं होतं.

सहाव्या आठवड्यातल्या सोमवारी बाई टेबल पुसत होत्या. मागून आवाज आला.

"आई, पोटात दुखतंय."

बाईंनी घड्याळाकडं बघितलं. सात वाजून पाच मिनिटं.

हातातलं फडकं टेबलावर तसंच राहिलं. निवांत दारात उभी होती, एक हात पोटावर, नजर खाली; ज्या दारात ती दप्तर पाठीला लावून उभी राहायची त्याच दारात. फक्त दप्तर नव्हतं.

"काय खाल्लंस काल?" बाईंनी उगाच विचारलं.

"काही नाही. सगळ्यांनी खाल्लं तेच."

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. त्यांच्या बोलण्यात नेहमीचा टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "सूनबाई, तू शाळा घरी आणलीस. बरोबर पोटदुखीही आली."

त्या दिवशी पहिली फेरी सुटलीच नाही. बाईंनी लेकीला पुन्हा अंथरुणात घातलं आणि भिंतीवरच्या कागदापुढं उभ्या राहिल्या. फुल्या मोजायची गरज नव्हती; जिथं जिथं चित्रकला होती तिथं तिथं फुली होती. पाच आठवड्यांत पोरीनं एकही चित्र काढलं नव्हतं. गुरुजी निदान कागद ओढून घेत. इथं आईनं कागद द्यायचाच बंद केला होता, तोही नेमानं, पेन्सिलीला टोक काढून.

नवरा सकाळची पाळी संपवून आला तेव्हा बाई त्या कागदापुढंच बसलेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बूट काढले. मोजे काढले. त्याला कुठंही पोचायची घाई कधीच नसते. लेक कुणावर गेली हे सांगायला नको.

"टेकडीवरचा मार्ग आठवतो?" त्यानं विचारलं.

बाईंना आठवत होता. नव्यानं नोकरीला लागल्यावर त्यांनी त्या मार्गाचं वेळापत्रक टेबलाशी बसून केलं होतं. अंतर भागिले वेग, की झालं. आणि प्रत्येक ड्रायव्हर रोज अकरा मिनिटं उशिरा. बाईंनी मेमो काढले, आवाज चढवला, काही उपयोग नाही. शेवटी एक ड्रायव्हर येऊन म्हणाला, बाई, एकदा गाडीत बसून बघा तरी. बाई घड्याळ आणि वही घेऊन सहा दिवस ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. मग कळलं, की हॉस्पिटलच्या थांब्यावर म्हातारी माणसं एकमेकांना धरून चढतात, आणि चढतात तेवढा वेळ गाडी उभी राहते. सहा दिवस बाईंनी घड्याळाकडं बघितलं. सातव्या दिवशी ड्रायव्हरकडं बघितलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

"आठवतो," बाई म्हणाल्या. "मग?"

"मग काय? पोरीच्या गाडीत कुठं बसलीस तू? तू आपली कंट्रोल रूममधून मेमो काढतेयस."

बाईंना राग आला. तो बरोबर बोलला की त्यांना नेहमीच राग येई.

पण मंगळवारी सकाळी त्यांनी कागद भिंतीवरून उतरवला, गुंडाळी करून कपाटामागे उभा केला आणि पोरांना सांगितलं, "आठ दिवस मी काही शिकवणार नाही. तुम्ही काय करता ते फक्त लिहून घेणार."

"काहीही केलं तरी?" भोवऱ्याचे डोळे चमकले.

"खिडकीतून उडी सोडून काहीही."

डेपोतल्या जुन्या ट्रिपशीटच्या, म्हणजे फेऱ्यांच्या नोंदीच्या कागदांच्या, कोऱ्या बाजूवर नोंदी सुरू झाल्या. भोवरा: नऊ मिनिटं वाचतो, मग उठतोच. बांधून ठेवला तरी खुर्चीसकट उठेल. जिन्यात पायऱ्या चढताना पाढे म्हणतो, एकही चुकत नाही. खाली बसवला की सात पाचे तीस. निवांत: टेबलावर वाचत नाही, टेबलाखाली वाचते. वाचलेल्यावर त्या दिवशी काही विचारलं तर गप्प. तिसऱ्या दिवशी, केस विंचरताना, आपण होऊन सगळी गोष्ट सांगते, आणि वर विचारते की तो नावाडी खोटं का बोलला. गोष्टींचं पुस्तक कपाटावरून स्वतः खुर्ची लावून काढलं, कुणी सांगितलं नव्हतं.

आणि गणित. पाचव्या दिवशी निवांतनं आपण होऊन वही काढली. बाई मागं बसून बघत होत्या. पोरीनं एक उदाहरण सोडवलं. उत्तर बरोबर होतं. आता पुढचं घ्यायचं की नाही? नाही. ती त्या उत्तरापासून उलटी निघाली. बेरीज होती तिथं वजाबाकी, गुणाकार होता तिथं भागाकार, असं करत करत मूळच्या आकड्यापाशी येऊन पोचली आणि मग कुठं तिनं सुस्कारा सोडला.

"हे कशाला गं करतेस?" बाईंना राहवेना.

निवांतनं थोडा वेळ घेतला. "बघते, परतीची फेरी नीट होते का. गाडी नुसती गेली तर काय उपयोग? परत यायला नको?"

"आणि हे शाळेतही करायचीस?"

"हो. म्हणून तर अर्धं राहायचं."

बाईंनी नोंद केली: एक उदाहरण, सतरा मिनिटं. मग पेन्सिल खाली ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि कारण नसताना नळ सोडून उभ्या राहिल्या.

आठ दिवसांनी जे नवं वेळापत्रक झालं त्यात मिनिटं नव्हती. आधी काय, मग काय, एवढंच. जड खोक्यातलं फक्त गणिताचं पुस्तक ठेवलं, आणि त्यातलंही दर चारांतलं एकच उदाहरण. बाकी सगळं गोष्टी, झाडं, नकाशे. सकाळची सुरुवात चित्रानं, म्हणजे ते रद्द व्हायची सोयच नाही. भोवऱ्याचे पाढे जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं तक्रार केली, मग आठवड्याभरात त्यालाच तेराचा पाढा पाठ झाला आणि तक्रार बंद पडली. काय काय झालं ते रोज रात्री न विसरता वहीत लिहायचं, हा एकच नियम बाईंनी स्वतःसाठी ठेवला. आणि सात वाजून पाच मिनिटं रोज येत होती नि पोटाला हात न लावता निघून जात होती.

तपासणीची तारीख येऊन ठेपली तशा बाई परवानगीचे कागद पुन्हा पुन्हा काढून वाचायला लागल्या. कचेरीच्या फॉर्मवर रकाना होता: दैनिक वेळापत्रक, तास व मिनिटे.

"तो जुना कागद लाव," सासूबाई म्हणाल्या. "तासाभरासाठी. तपासणी झाली की काढ."

"आई, ते खोटं होईल."

"खोटं कसलं? तूच केलायस ना तो? आणि पोरगी पुन्हा त्या बाकावर बसली तर ते मोठं खरं होईल."

नवऱ्याकडं बघितलं तर तो म्हणाला, "मी ड्रायव्हर माणूस. समोर पोलीस दिसला की मीही पट्टा लावतो."

बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी कपाटामागून गुंडाळी काढून भिंतीवर लावली. चारही कोपरे ओले हात लावून सरळ केले. निवांत दारातून बघत होती.

तपासणीवाल्या मॅडम साडेअकराला आल्या. वयस्क, चष्मा गळ्यात लटकवलेला, हातात फुगलेली बॅग, आणि तीन मजले चढून आल्यावर माणसाचा जसा होतो तसा चेहरा. पण कागद बघताच तो उजळला.

"वा! मिनिटामिनिटाचं! मी एवढी घरं फिरते, कुणी असं करत नाही." त्यांनी चष्मा चढवला, फॉर्म काढला आणि पहिल्या रकान्यात बरोबरची खूण केली. मग सहज, पेनाचं टोपण लावता लावता, निवांतला विचारलं, "काय गं, रोज असंच चालतं?"

निवांतला कुठल्याही प्रश्नाला वेळ लागतो. मॅडम वाट बघत होत्या. सासूबाईंची सुई थांबली. बाई लेकीकडं बघत होत्या. निवांतनं आईकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, आणि तिचा हात हळूहळू वर येऊन पोटावर टेकला.

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"नाही चालत तसं. पाच आठवडे चाललं, त्यात पोरगी पुन्हा आजारी पडायला लागली, म्हणून मी ते बंद केलं. आज तुमच्यासाठी लावलं. आम्ही काय करतो ते या वहीत आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. अगदी हळू मारला, पण ऐकू आला.

मॅडमनी केलेल्या खुणेवर काट मारली. वही घेतली. उभ्यानंच चार पानं वाचली, मग बसून आणखी वाचली. चेहऱ्यावरून काही कळेना. "धाकट्याचे पाढे जिन्यात, असं का लिहिलंय?"

ते सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. भोवरा सातच्या पाढ्यावर तळमजल्यापर्यंत गेला, आठच्या पाढ्यावर वर आला आणि नऊ चालू करत पुन्हा खाली निघाला. मॅडमनी अर्ध्या जिन्यापर्यंत त्याचा पाठलाग केला, कठड्याला धरून श्वास घेतला आणि तिथूनच ओरडल्या, "पुरे! पास!" खालून शिंप्यानं ओरडून सांगितलं, "नऊ साते त्रेसष्ट बरोबर आहे, मॅडम!"

पण निवांतचं तसं नव्हतं. तिच्यासाठी बॅगेतून छापील कागद निघाला. दहा उदाहरणं, तीस मिनिटं.

निवांत पहिल्याच उदाहरणावर बसली. टाकीत नऊशे साठ लिटर पाणी. सकाळी त्यातलं एक तृतीयांश वापरलं, दुपारी उरलेल्याचं एक चतुर्थांश. आता किती उरलं? बाई तिच्या खांद्याआडून बघत होत्या. सकाळचे तीनशे वीस गेले, सहाशे चाळीस उरले. ठीक. मग निवांतनं दुपारचा हिस्सा उरलेल्या पाण्याचा काढायच्या ऐवजी भरल्या टाकीचा काढला. दोनशे चाळीस. उत्तर चारशे. चूक.

बाईंनी दात ओठांवर रोवले. मॅडमनीही बघितलं होतं. घड्याळात तीस मिनिटं भरत आली होती. पोरगी आता पेन्सिलीला टोक काढत होती.

मॅडमचा हात कागदाकडं गेला.

"घेऊ नका," बाई म्हणाल्या. "मॅडम, तिचं झालेलं नाही. ती अजून परत यायचीय."

"बाई, मला एक वाजता दुसऱ्या घरी पोचायचंय."

"मला दोन वाजता डेपोत. पण घेऊ नका."

मॅडमनी बाईंकडं बघितलं. वर्षानुवर्षं त्या असे कागद उचलत आल्या होत्या. हाताला सवय होती. तो हात कागदावरच थोडा वेळ थांबला, मग मागं आला.

निवांतला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती चारशेपासून उलटी निघाली होती. ओठ हलत होते. "उरलेल्याचे चार भाग. एक गेला. तीन राहिले. म्हणजे चारशे हे तीन भाग." पेन्सिल थबकली. "चारशेचे तीन सारखे भाग होत नाहीत."

भोवरासुद्धा दारात एका पायावर उभा राहिला, आणि ही गोष्ट त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठी मानावी.

"चुकलं," निवांत शांतपणे म्हणाली. रेघ मारली. "परत करते."

मॅडमनी गळ्यातला चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत मागं रेलून सासूबाईंना विचारलं, "आजी, चहा मिळेल का?"

चहाचे दोन कप झाले. निवांतचं उत्तर चारशे ऐंशी आलं. तिनं ते तीन भागांत वाटलं, एकशे साठ. चारनं गुणलं, सहाशे चाळीस. तिथून टाकी पुन्हा नऊशे साठवर नेऊन काठोकाठ भरली आणि सुस्कारा सोडला. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. मध्ये एकदा नळाकडं जाऊन पाणी पिऊन आली. मॅडमनी दुसऱ्या घरी फोन करून उशीर होईल असं कळवलं, आणि नंतर पुन्हा फोन करून आज येत नाही असं कळवलं. सासूबाईंनी तोवर त्यांना विणीतला एक अवघड टाका शिकवला, आणि तपासणीवाल्या मॅडमना तो तीनदा उसवावा लागला.

पावणेदोनला मॅडम म्हणाल्या, "दहातली तीन."

"हो," बाई म्हणाल्या.

"कचेरीच्या हिशेबानं नापास."

"हो."

"तिन्ही बरोबर." त्या थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या. "वर्षाची परवानगी मी देऊ शकत नाही. माझ्या वरचा साहेब कागद बघतो, पोरगी बघत नाही. सहा महिने देते. वेळापत्रकाच्या रकान्यात 'नोंदवही जोडली आहे' असं लिहिते. पण रोज लिहायची हं बाई. एक दिवस चुकला तर माझीही मान अडकेल."

"आणि सहा महिन्यांनी?"

"सहा महिन्यांनी मी येईन. दुपारी दुसरं घर ठेवणार नाही." त्यांनी सही केली. मग निवांतकडं वळून म्हणाल्या, "आणि तू! चार उदाहरणांपर्यंत ये पुढच्या वेळी. तीनवर थांबू नकोस."

निवांतनं विचार केला. खरोखरच विचार केला, कारण खोटं वचन द्यायचं नव्हतं. "बघते," ती म्हणाली.

मॅडम जिना उतरून गेल्या. सासूबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच भोवऱ्यावर ओरडल्या, कारण कुणावर तरी ओरडणं भाग होतं. बाईंनी तो मोठा कागद भिंतीवरून काढून निवांतपुढं उलटा पसरला. मागची बाजू कोरी होती आणि चित्राला पुरेशी मोठी होती. मग पर्स शोधली, चप्पल शोधली, आणि धावल्या.

डेपोत पोचल्या तेव्हा दोन वाजून सदतीस मिनिटं झाली होती. फाटकावरच्या माणसाला वाटलं आपलंच घड्याळ बिघडलं. त्यानं ते हलवून पाहिलं. उशिरा येणाऱ्यांसाठी तिथं एक रजिस्टर असतं. नाव, वेळ, कारण. त्यात लोक काय काय लिहितात. पाहुणे, पंक्चर, दाढदुखी. एका ड्रायव्हरची आजी त्या रजिस्टरात चार वेळा वारली आहे. बाईंनी नाव लिहिलं, वेळ मिनिटासकट लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी गणित सोडवत होती.'

डेपो मॅनेजरनी संध्याकाळी ते दोनदा वाचलं आणि बाईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"हे काय कारण झालं, बाई?"

"झालं तेच लिहिलंय, साहेब."

"सुटलं का शेवटी?"

"तीन सुटली," बाई म्हणाल्या, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची ओढून, घड्याळाकडं पाठ करून, सगळं सांगायला बसल्या. त्या संध्याकाळी टेकडीवरची शेवटची बस नऊ मिनिटं उशिरा सुटली म्हणतात. कुणी मेमो काढला नाही.